किल्ली फिरेपर्यंत

विकायला काढलेलं घर बघायला माणसं येतात तेव्हा सर्वांत आधी त्यांना दिसतं ते बंद दार. एजंट खिशातून जुडगा काढतो, त्यातली बरोबर किल्ली शोधतो, आधी जाळीच्या दाराचं कुलूप उघडतो, मग आतलं लॅच. तोवर नवरा-बायको आणि सोबत आलेली सासू किंवा भाऊ दारासमोरच्या चार फुटांत उभे असतात. दुसरं काही करण्यासारखं नसतं, त्यामुळे डोळे फिरू लागतात. चौकटीवर, बेलच्या बटणावर, छताच्या कोपऱ्यातल्या जळमटावर, पायाखालच्या लादीवर. पुढे घरात गेल्यावर ती मंडळी प्रत्येक खोलीत फार तर अर्धा-पाऊण मिनिट थांबतील. दारासमोर मात्र ती जागच्या जागी, नाकासमोर, मिनिटभर उभी असतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीनं कोथरूडमधला फ्लॅट विकायला काढला तेव्हा हे मी जवळून पाहिलं. 1980च्या दशकात कोथरूड भराभर वाढत होतं, त्या काळातली बिनलिफ्टची तीन मजली सोसायटी. मावशी दुसऱ्या मजल्यावर. आतून घर लख्ख, कारण फरशी रोज दोनदा पुसल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तरी येणारी माणसं दहा मिनिटांत ‘कळवतो’ म्हणून निघून जायची. एका दुपारी मी तिला म्हटलं, “मावशी, चल, खाली जाऊन परत वर येऊ. गिऱ्हाईक होऊन.”

“अगं, जन्म गेला माझा हा जिना चढण्यात. त्यात काय बघायचंय?” असं म्हणाली, पण आली.

दारासमोर आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि मी मुद्दाम किल्ली काढायला वेळ लावला. गेल्या दसऱ्याचं तोरण वाळून काळं पडलं होतं. दारावर केबलवाल्याचं आणि गॅसवाल्याचं स्टिकर, त्याखाली आधीच्या स्टिकरांचा अर्धवट खरवडलेला डिंक. चौकटीशेजारी पोलिओच्या मोहिमेत कुणी तरी खडूनं लिहिलेली अक्षरं. बेलच्या बटणाभोवती बोटांचा काळा गोल. वर इंटरनेटच्या तीन वायरी, त्यांतली एकच चालू. खाली चपलांचे सहा-सात जोड, त्यांतला एक काकांचा. काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे मला दिसतच नव्हतं गं.”

रोज पाहिलेली गोष्ट दिसेनाशी होते, हे खरंच आहे. पण बघायला येणाऱ्याला ती दिसते, आणि एवढ्याशा गोष्टीचं वजन त्याच्या मनात एवढं का पडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

1946 साली सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. एका माणसाचं वर्णन म्हणून त्यानं लोकांना सहा विशेषणं वाचून दाखवली: बुद्धिमान, कष्टाळू, उतावीळ, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमानं, म्हणजे मत्सरीपासून सुरुवात करून, ऐकवले. माणूस तोच, शब्द तेच, तरी पहिल्या गटाला तो गुणी वाटला, थोडेफार दोष असलेला. दुसऱ्या गटाला तो सदोष वाटला आणि त्याच्या बुद्धीचंही कौतुक राहिलं नाही. आधी आलेल्या शब्दानं पुढच्या शब्दांचा अर्थ ठरवला. घराचंही असंच होतं. स्वच्छ, नीट दारातून आत आलेल्या माणसाला स्वयंपाकघरातली एक तडकलेली टाइल ‘चालायचंच’ वाटते. कळकट दारातून आलेल्याला तीच टाइल ‘बघा, म्हटलं नव्हतं!’ वाटते.

दुसरं कारण अर्थशास्त्रातलं आहे आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. जुन्या गाडीत काय बिघाड आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयानं बघतो आणि कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातूनच बाहेर पडतात. या विचारासाठी त्यांना 2001 साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. रिसेलचा फ्लॅट म्हणजे तेच. भिंतीतला पाइप कधी बदलला, वायरिंग कुठल्या सालचं, स्लॅब गळतो का, हे पंधरा मिनिटांच्या भेटीत कुणाला कळणार? घेणारा मग जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही त्याचा अंदाज बांधतो. ज्यांनी बेलचं बटण वर्षानुवर्षं पुसलं नाही, त्यांनी टाकी कधी धुतली असेल? हा तर्क दर वेळी न्याय्य असतो असं नाही; मावशीच्या बाबतीत तर तो साफ चुकीचा होता. पण घेणाऱ्याच्या हातात दुसरं साधन नसतं. आयुष्यभराची कमाई लावायची आणि वर वीस वर्षांचा हप्ता, अशा माणसानं दारावरून घराची परीक्षा केली तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणून दाराची तयारी म्हणजे सजावट, असं मी मानत नाही. घराची काळजी घेतली गेली आहे याचा तो पुरावा आहे, आणि पुरावा खरा असला पाहिजे.

आपल्याकडे घरात शिरणं ही एका क्षणाची गोष्ट कधीच नव्हती. वाड्यात मोठ्या दरवाजातली लहान दिंडी उघडायची, वाकून आत शिरायचं, दोन्ही अंगांना देवड्या, मग चौक, मग ओसरी, आणि आतल्या खोल्या त्याच्याही पलीकडे. कोकणात खळं, पडवी, ओटी अशा पायऱ्यापायऱ्यांनी घर जवळ येतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दाराशी समोरासमोर बाकं बांधलेला बाल्कांव असतो; बाहेरचा माणूस तिथं बसतो, बोलतो, आणि बोलावणं आलं तरच आत जातो. क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या पुस्तकात चांगल्या वास्तूंची लक्षणं गोळा केली, त्यांत रस्ता आणि घर यांच्या मधल्या या जागेला स्वतंत्र स्थान दिलं आहे. उजेड बदलावा, पायाखालची जमीन बदलावी, दिशा जराशी वळावी, उंची बदलावी, म्हणजे रस्त्यावरचं ताठरलेपण अंगावरून उतरतं आणि माणूस घरात मनानंही येतो, असं त्यांचं म्हणणं. वाडे बांधणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

फ्लॅटमध्ये ही सगळी वाट आक्रसून एका उंबरठ्यावर आली. संस्कृत कोशांत ‘उदुंबर’ या शब्दाचा झाडाशिवायचा एक अर्थ घराचा उंबरठा असाच दिला आहे; आपला उंबरा आणि उंबरठा त्याच घराण्यातले. जुन्या चौकटीत खालचं आडवं लाकूड दोन उभ्या बाजू जागच्या जागी धरून ठेवायचं, पावसाचं पाणी आणि सरपटणारे जीव अडवायचं. आता तिथं ग्रॅनाइटची पट्टी असते आणि चौकट भिंतीत लोखंडी पकडींनी बसवलेली असते. तरीही लक्ष्मीची पावलं तिथूनच आत जातात आणि नवी सून माप तिथंच ओलांडते. मराठी घेणारा त्या पट्टीवर पाय न देता पलीकडे टाकतो, तेव्हा त्याच्या मनात काही तरी सुरू झालेलं असतं. तेवढीच जागा आपल्या हातात आहे, म्हणून तिच्याकडे नीट बघायचं.

सुरुवात उजेडापासून करावी. त्यासारखा स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि नेमकं तेच लोक विसरतात. यामागचं कारण डोळ्यात आहे. भर उन्हात जमिनीवर सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो. जुन्या इमारतीच्या बंद पॅसेजमध्ये अनेकदा 50 लक्सही नसतो, म्हणजे दोन हजारांश. उन्हातून आत आल्यावर बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण तेवढ्यानं भागत नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींमधलं प्रकाशानं विरलेलं रंगद्रव्य पुन्हा तयार व्हावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सावरायला आठ-दहा मिनिटं घेतात, मंद उजेडात बघणाऱ्या दंडपेशींना तर वीस-तीस मिनिटं लागतात. घेणारा माणूस उन्हातून दोन जिने चढून मिनिट-दीड मिनिटात दाराशी पोचलेला असतो. मालकाला जो पॅसेज ‘ठीक आहे की’ वाटतो, तो त्याला खरोखरच अंधारा दिसतो. दोघंही खरं बोलत असतात. डोळे वेगळ्या ठिकाणाहून आलेले असतात एवढंच.

यावर 9 वॉटचा एक एलईडी बल्ब पुरतो. जुन्या 60 वॉटच्या पिवळ्या बल्बाएवढा, साधारण 800 ते 900 लुमेन उजेड तो देतो. पण तो कुठं लावता याला महत्त्व आहे. बहुतेक सोसायट्यांत पॅसेजचा दिवा मधोमध असतो, म्हणजे दाराकडे तोंड करून उभं राहिलेल्या माणसाच्या पाठीशी. त्याची स्वतःची सावली कुलपावर पडते आणि एजंट चाचपडत बसतो. दिवा दाराच्या बाजूला साधारण सहा फूट उंचीवर, नाही तर चौकटीच्या वर दारालगत असावा. पॅसेजमधल्या दिव्याचं बिल सोसायटी भरते, म्हणून स्वतःच्या मीटरवरचा दिवा दारावर लावताना सेक्रेटरींना एकदा विचारून घ्यावं. कुणी सहसा नाही म्हणत नाही. बल्बाच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे दवाखान्यात असतो तसा निळसर पांढरा, 2700 ते 3000 म्हणजे समईच्या बाजूला झुकणारा. दाराशी मला 3000 आवडतो, पण त्याहून महत्त्वाचं हे की दार उघडल्यावर आतल्या दिव्याचा रंगही तोच असावा. बाहेर पिवळा आणि आत निळा असला की आत पाऊल टाकताना डोळ्यांना झटका बसतो आणि हॉल उगाच थंड वाटतो. आणि भेटीच्या वेळी आतला दिवा आधीच लावून ठेवावा. अंधाऱ्या खोलीत एजंट भिंत चाचपत बटण शोधतोय, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की ते टाळलं तरी निम्मं काम झालं असं म्हणेन.

आता खुद्द दार. पावसाळ्यात दार अडकतं तेव्हा आपण सरळ सुताराला रंधा मारायला बोलावतो. थोडं थांबावं. आधी कुठं घासतंय ते बघावं. दार कुलपाच्या बाजूनं वरच्या कोपऱ्यात चौकटीला आणि खाली फरशीला घासत असेल, तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार झुकलेलं असतं. तिथं रंधा मारून उपयोग नाही. स्क्रूच्या भोकात फेव्हिकॉल लावलेली लाकडाची काडी ठोकून स्क्रू पुन्हा कसला की दार जागेवर येतं. याउलट पूर्ण उंचीभर घासत असेल तर लाकूड फुगलंय. लाकूड ओल शोषतं तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. म्हणून दार रुंदीला वाढतं. ही ओल बऱ्याचदा शिरते वरच्या आणि खालच्या कडेतून. दार टांगल्यावर पॉलिशवाला समोरून आणि मागून हात मारतो, या दोन कडा कोऱ्याच राहतात. जुलैत रंधा मारलेल्या दाराला मार्चमध्ये फट पडते. त्यापेक्षा कोरड्या दिवसांत दार उतरवून कडांना पॉलिश किंवा रंग द्यावा. मावशीच्या सागवानी दाराचं हेच झालं होतं. सुतारानं दार उतरवून खालची कड दाखवली तेव्हा ती अजून पांढरटच होती.

कुलूप फिरत नसेल तर त्यात खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नये. तेलावर धूळ बसते आणि काही महिन्यांत त्याचा राळेसारखा चिकटा होतो. मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासून ती चार-पाच वेळा आतबाहेर करावी. शिसं म्हणजे ग्रॅफाइट, त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि धूळ धरत नाहीत. पितळी कडी आणि नावाची पाटी चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं लख्ख होते, कारण आम्लात वरचा काळा थर विरघळतो. पण नंतर पाण्यानं धुऊन कोरडी केली नाही तर आठवड्यात हिरवी झाक येते. घरात पितांबरी असली तर तीही चालते. स्टिकरांचा डिंक खोबरेल तेल लावून अर्ध्या तासानं निघतो. सुरीनं खरवडलं तर पॉलिशही जातं.

चपलांविषयी थोडं स्पष्ट बोलायला हवं. पॅसेज आणि जिना आपला नसतो, सर्वांचा असतो. आग लागली तर पळायची वाट तीच, म्हणून सोसायटीचे उपविधी आणि अग्निसुरक्षेचे नियम तिथं सामान ठेवू देत नाहीत. घरं विकताना हा मुद्दा निघतोच. कुणी सेफ्टी डोअर दोन फूट पुढे ओढून पॅसेजचा तुकडा आत घेतलेला असतो, कुणी जिन्याच्या चौथऱ्यावर लोखंडी कपाट ठोकलेलं असतं. घेणाऱ्याच्या वकिलाच्या किंवा बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याच्या नजरेला ते पडलं की व्यवहार तिथं अडतो. असं काही असेल तर घर दाखवायला सुरुवात करण्याआधीच काढून टाकावं. चपलांसाठी दाराच्या आतल्या बाजूला एक अरुंद, बंद रॅक पुरतो. आलेल्यांनी पायताण कुठं काढायचं याची रिकामी जागा मात्र दिसली पाहिजे, नाही तर तीन-चार माणसं एका पायावर उभी राहून एकमेकांना धरत बसतात आणि घराचं पहिलं दृश्य त्या गोंधळात निसटतं.

जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या आणि त्या थांबाव्यात म्हणून लावलेल्या देवांच्या टाइल्स, हे अनेक इमारतींचं दुखणं आहे. एकट्या विकणाऱ्याला ते पूर्ण निस्तरता येत नाही. पण आपल्या मजल्यापासून खालपर्यंतचा जिना एकदा स्वखर्चानं धुऊन घेणं, लोंबणाऱ्या बंद वायरी केबलवाल्याकडून काढून घेणं, चालू वायरी एका पट्टीत बसवणं, एवढं जमतं. अमेरिकेत 1970च्या दशकात सिअ‍ॅटल परिसरात घरं विकणाऱ्या बार्ब श्वार्झ यांनी घर विक्रीसाठी मांडून दाखवण्याच्या कामाला ‘होम स्टेजिंग’ म्हणून व्यवसायाचं रूप दिलं. तिथल्या सल्ल्यांत पुढची हिरवळ, टपालपेटी, ओट्यावरची खुर्ची असं बरंच असतं, कारण तिथलं घर रस्त्यावरूनच दिसायला लागतं. आपलं घर दिसायला लागतं ते सोसायटीच्या फाटकापासून. तेव्हा वॉचमनदादांना आधी सांगून ठेवावं, पाहुण्यांची गाडी कुठं लावायची ते ठरवून ठेवावं. फाटकातच “गाडी बाहेर लावा” असा आवाज कानावर आला की पुढचं अवघड होतं.

वासाचं मात्र कुणी तोंडावर सांगत नाही, म्हणून ते स्वतःच ओळखायला हवं. एकच वास सतत येत राहिला की नाक आणि मेंदू काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतात. आपल्या घराला काय वास आहे हे आपल्याला कधीच कळत नाही. घ्राणेंद्रियाकडून येणारे संदेश भावनांशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागाकडे फार जवळच्या वाटेनं पोचतात, त्यामुळे वासाचं मत शब्दांच्या आधी तयार होतं. चार दिवस गावाला जाऊन परतल्यावर दार उघडल्याचा पहिला श्वास तेवढा खरा सांगतो. ते जमत नसेल तर शेजारच्या वहिनींना विचारावं. बोंबील, मोजे, साचलेली मोरी, ओल, जे असेल त्याचं मूळ काढावं. त्यावर जाड सुगंधाची फवारणी केली की येणाऱ्याला दोन्ही वास येतात आणि शिवाय काही तरी लपवलंय हेही कळतं. उदबत्ती लावायचीच तर एक, आणि ती सकाळच्या पूजेची.

ओल हा तर आणखी मोठा विषय आहे. मावशीच्या दाराशेजारची भिंत मागच्या बाजूनं बाथरूमला लागून होती. खालच्या दीड फुटात पोपडे आणि पांढरा लोणा. भिंतीतलं पाणी विटा आणि गिलाव्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक उरतात, फुगतात आणि गिलाव्याला ढकलून बाहेर काढतात. त्यावर पुट्टी आणि रंग मारला तर एका पावसाळ्यात सगळं परत वर येतं. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखायचा सोपा मार्ग आहे: प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवायचा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल आतली, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली.

रंगवाल्यानं सुचवलं, “काकू, वॉटरप्रूफ पुट्टी मारून देतो, विकेपर्यंत काही दिसणार नाही.” मावशीनं नको म्हटलं. मला तिचा तेव्हा अभिमान वाटला, आणि पुढे कळलं की कायदाही तिच्याच बाजूचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे पण घेणाऱ्याला माहीत नाही आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. दाराची तयारी आणि दोष झाकणं यांतली रेघ इथं आहे. मळ काढणं, उजेड करणं, बिजागरी कसणं म्हणजे घर आहे तसं नीट दिसू देणं. गळती तशीच ठेवून तिच्यावर रंग मारणं ही फसवणूक आहे. मावशीनं बाथरूमच्या टाइल्स फोडून जोड बदलून घेतला, भिंत दीड महिना सुकू दिली, मग रंग दिला, आणि प्लंबरचं बिल फाइलमध्ये लावलं. रंगही पूर्ण भिंतीला दिला. एकाच भिंतीवर ताज्या रंगाचा चौकोन दिसला की जाणत्या माणसाची नजर थेट तिथं जाते. तैलरंग असेल तर वास जायला निदान आठवडाभर जाऊ द्यावा.

राहता राहिल्या श्रद्धेच्या खुणा. काही सल्लागार म्हणतात, दारावरून देवाधर्माचं सगळं काढा, घर कुणाचंच वाटू नये. मला हे पटत नाही. राहतं घर राहतं दिसावं. गणपतीची लहानशी मूर्ती, आंब्याच्या पानांचं ताजं तोरण, उंबरठ्याच्या एका अंगाला, पायाखाली येणार नाही अशी पाच ठिपक्यांची रांगोळी कुणाला खुपत नाही. माझ्या अनुभवात वेगळ्या धर्माच्या माणसांनीही ती कौतुकानं पाहिली आहे. शिरगोळ्याच्या भुकटीची चार बोटांची रांगोळी कडा उचकटलेल्या प्लॅस्टिकच्या स्टिकरपेक्षा शंभरपट बरी. वाळलेली लिंबू-मिरची, सुकलेला कोहळा, काळी बाहुली मात्र उतरवावी, कारण या घरात कुणाला तरी कशाची तरी भीती वाटत होती असं त्यातून वाटतं. दाराची दिशा बहुतेक जण विचारतात. ज्याचा वास्तुशास्त्रावर विश्वास आहे त्याला ती खरी सांगावी, एवढंच आपलं काम. आतून बाहेर बघत उभं राहिल्यावर समोर जी दिशा येते ती दाराची दिशा मानतात. फोनमधलं होकायंत्र लोखंडी सेफ्टी डोअरजवळ धरू नये, लोखंडामुळे सुई भरकटते. दोन-तीन पावलं आत येऊन बघावं.

वेळ ठरवताना दाराला उजेड कधी येतो ते पाहावं. मावशीच्या जिन्याची खिडकी पश्चिमेला होती, म्हणून आम्ही साडेचारच्या आधी कुणाला बोलावलंच नाही. पावसाळ्यात दाराबाहेर छत्र्यांसाठी एक बादली, काथ्याचं जाड पायपुसणं बाहेर आणि सुती आत. ओल्या ग्रॅनाइटवर पाय घसरतो आणि वयस्क माणसं त्या धास्तीनंच परत फिरतात. हल्ली कित्येकदा घर आधी बघतो तो अमेरिकेतला मुलगा, व्हिडिओ कॉलवर. त्याला दाखवतानाही दारातून सुरुवात करावी आणि फोन दारापाशी दोन-तीन सेकंद स्थिर धरावा. अंधारातून उजेडात जाताना कॅमेऱ्यालाही सावरायला क्षणभर लागतो, त्यात घाई केली की हॉल पांढरा फटक दिसतो.

ज्या कुटुंबानं शेवटी घर घेतलं ती आजी, मुलगा आणि सून अशी तिघं जण होती. आजींनी दारात थांबून कडी दोनदा वरखाली करून पाहिली आणि मग चौकटीवरून हात फिरवला. मावशीनं त्यांना भिंतीची गोष्ट स्वतःहून सांगितली, बिल दाखवलं. त्यांनी भाव करायचा तो केलाच, पण पुन्हा यायचं होतं ते दोन दिवसांतच आले.

नाशिकला लेकीकडे जायच्या आदल्या दिवशी मावशीनं काकांच्या नावाची पाटी स्वतः काढली. खाली लाकूड मूळ रंगाचं निघालं, गडद आणि तुकतुकीत. आजूबाजूचं उन्हानं फिकं झालेलं. सुतार म्हणाला, भोकं बुजवून पॉलिश मारतो, कळणार नाही. मावशीनं सूनबाईंना फोन करून विचारलं. त्यांची पाटी तयार होती, मापही जवळजवळ तेच होतं. भोकं तशीच ठेवली, स्क्रू कागदात गुंडाळून किल्ल्यांच्या जुडग्याला बांधून दिले.